स्मरणिकेचे लेख वर्डमध्ये पेस्ट करताना

वाचनालयाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचं काम तुमच्या गळ्यात पडलंय. चौतीस लेख आलेत. बरेचसे व्हॉट्सॲपवर, काही मेलवर वर्डच्या फायली, दोन पीडीएफ आणि एका ज्येष्ठ सभासदांची 'जुन्या फाँटमधली' फाईल. सगळं एका फाईलमध्ये आणताना कुठे अक्षर लहान होतं, कुठे ओळींमधलं अंतर फाकतं, त्या ज्येष्ठांच्या लेखाचं तर इंग्रजी अक्षरांचं भेंडोळं झालं. वर अध्यक्षांचं तीन पानी मनोगत कट केलं आणि पेस्ट करण्याआधी मध्येच एक फोन नंबर कॉपी केला, त्यात मनोगतच गेलं. तुम्ही विचारताय, 'क्लिपबोर्ड (कट-कॉपी केलेलं तात्पुरतं राहतं ती जागा) नीट वापरायची काही पद्धत आहे का?'

मी अठ्ठावीस वर्षं पुण्यात पुस्तकांची आणि स्मरणिकांची पानं लावतोय. तुमच्या वर्डमध्ये काही बिघाड नाही, हे आधी सांगतो. तुमच्याकडे वेगवेगळ्या ठिकाणांहून चार प्रकारचा मजकूर आलाय आणि तुम्ही सगळ्यांना एकाच पद्धतीनं, कंट्रोल-व्ही दाबून, आत घेताय. खरी अडचण ती आहे.

पण आधी अध्यक्षांचं मनोगत, कारण तिथे वेळ महत्त्वाचा आहे. ज्या फाईलमधून ते कट केलंत ती अजून उघडी असेल, तर दुसरं काही न करता त्या फाईलमध्ये कंट्रोल-झेड दाबत राहा, मजकूर जागेवर येईपर्यंत. मधे सेव्ह केलं असलं तरी चालतं, फाईल बंद केलेली नसली पाहिजे. बंद केली असेल तर विंडोजचं बटण आणि व्ही एकत्र दाबून बघा. विंडोज १० च्या २०१८ च्या शेवटी आलेल्या आवृत्तीपासून क्लिपबोर्डचा इतिहास ठेवायची सोय आहे आणि त्यात शेवटच्या २५ गोष्टी राहतात. मात्र ती आधीपासून चालू असावी लागते. आत्ता चालू केलीत तर इथून पुढचं राहील, गेलेलं येणार नाही. शिवाय संगणक बंद करून पुन्हा चालू केला की पिन केलेल्या गोष्टी सोडून बाकीचा इतिहास पुसला जातो. यातलं काहीच जमलं नाही तर अध्यक्षांना फोन करा आणि मेल पुन्हा मागवा. ओशाळं व्हायला होतं, पण तीन पानं आठवून टाईप करण्यापेक्षा बरं.

आणि एक सवय आजपासून लावून घ्या. मोठा मजकूर हलवायचा असेल तर कट करू नका. कॉपी करा, नव्या जागी पेस्ट करा, नीट आलाय का बघा आणि मगच जुन्या जागेवरचा पुसा. दोन बटणं जास्त दाबावी लागतात खरी. मी तर कात्रीच्या जमान्यातला माणूस आहे. आमच्याकडे ब्रोमाइड, म्हणजे मजकूर उमटवलेला फोटोचा कागद, यायचं, ते कापायचं आणि रबर सोल्यूशननं पानावर चिकटवायचं. कापलेला तुकडा पंख्याच्या वाऱ्यानं टेबलाखाली गेला की रात्री दोनला गुडघ्यांवर बसून शोधायचा. पण निदान तो टेबलाखाली तरी असायचा! क्लिपबोर्डवर नवीन तुकडा आला की जुना कुठेच नसतो. कट-पेस्ट ही नावं त्याच कात्री-गोंदातून आली. १९७० च्या दशकाच्या मध्यावर झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी जिप्सी नावाच्या संपादन-प्रोग्रॅममध्ये ती पडद्यावर आणली. पुढे टेस्लर ॲपलमध्ये गेले आणि लिसा व मॅकिंटॉश या संगणकांमधून ती घराघरांत पोचली.

आता मूळ मुद्दा. क्लिपबोर्ड म्हणजे पिशवी, जे टाकलं तेच बाहेर येणार, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तुम्ही कंट्रोल-सी दाबता तेव्हा तो प्रोग्रॅम एकच मजकूर तीन-चार वेषांत तयार ठेवतो. एक नुसता अक्षरांचा, अंगावर काही नसलेला. एक वेबपानाच्या भाषेतला, रंग-दुवे-तक्ते घेऊन. एक वर्डला समजणाऱ्या सजावटीचा. कधी चित्राच्या रूपातलाही. पेस्ट करणारा प्रोग्रॅम त्यातला आपल्याला झेपेल तो उचलतो. जुन्या नोटपॅडला सजावट कळतच नाही, म्हणून तो साधा वेष घेतो. वर्डला सगळं कळतं, म्हणून तो सगळ्यात नटलेला वेष घेतो. 'आधी नोटपॅडमध्ये टाका, मग तिथून वर्डमध्ये घ्या' हा जो सल्ला सगळे देतात, त्यामागची जादू एवढीच आहे. नोटपॅड मधे गाळणीसारखा वापरायचा.

गाळणी वर्डमध्येच आहे. पेस्ट केल्यावर मजकुराच्या शेवटी छोटी चौकट दिसते, तिच्यावर क्लिक केलं की पर्याय येतात. 'कीप सोर्स फॉर्मॅटिंग' म्हणजे पाहुणा आपल्या कपड्यांतच राहणार. 'मर्ज फॉर्मॅटिंग' म्हणजे कपडे तुमचे, पण मधलाच एखादा शब्द ठळक किंवा तिरका असेल तर तो तसाच राहील. 'कीप टेक्स्ट ओन्ली' म्हणजे नुसती अक्षरं. तुमच्यासारख्या कामात दर वेळी चौकट शोधत बसण्यापेक्षा फाईल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड या वाटेनं जा. तिथे कट-कॉपी-पेस्टचा वेगळा भाग आहे. त्यात 'इतर प्रोग्रॅममधून पेस्ट करताना' या ओळीपुढे 'कीप टेक्स्ट ओन्ली' ठेवा. व्हॉट्सॲप आणि ब्राउझरमधून येणाऱ्या मजकुराचे निम्मे त्रास तिथेच संपतील. की-बोर्डवरून करायचं तर वर्डच्या नव्या आवृत्त्यांत कंट्रोल-शिफ्ट-व्ही साधा मजकूर आणतं. जुन्यांत त्याच बटणांनी सजावट चिकटायची, त्यामुळे तुमच्याकडे काय होतं ते एकदा करून बघा. गूगल डॉक्समध्ये हीच बटणं साध्या मजकुरासाठी आहेत. लिबर-ऑफिसमध्ये त्यांना ऑल्टची जोड द्यावी लागते.

मेलवर आलेल्या वर्डच्या फायलींची गोष्ट वेगळी. त्या 'दुसऱ्या डॉक्युमेंटमधून' या ओळीखाली येतात आणि तिथे एक गंमत होते. लेखकाच्या फाईलमध्ये 'नॉर्मल' नावाची स्टाईल, म्हणजे फाँट-आकार-अंतराचा ठरवून ठेवलेला संच, असते, तुमच्याही फाईलमध्ये असते. नाव एक, रूप वेगळं. वर्ड मूळ सेटिंगनुसार अशा वेळी तुमची स्टाईल धरतं. पण लेखकानं हातानं, म्हणजे मजकूर निवडून वरच्या पट्टीतून, जो आकार किंवा फाँट दिलेला असतो तो तसाच घेऊन येतं. म्हणून एकाच लेखाचे तीन परिच्छेद तुमच्यासारखे होतात आणि चौथा आपला तोऱ्यात वेगळा उभा राहतो. त्यात लेखकाकडे 'माझं शीर्षक' अशी स्टाईल असेल आणि तुमच्याकडे नसेल, तर तीही मुक्कामाला येते. चौतीस लेखांनंतर स्टाईलची यादी बघा, लग्नघर झालेलं असेल.

यावर माझी पद्धत अशी. लेखात तळटीपा किंवा तक्ते नसतील तर सरळ साधा मजकूर घ्यायचा आणि शीर्षक, उपशीर्षक, मजकूर या आपल्या तीन स्टाईल आपण द्यायच्या. तळटीपा असतील तर साध्या मजकुरात त्या गळून जातात. अशा लेखाला 'यूज डेस्टिनेशन स्टाईल्स' वापरायचं आणि मग सगळा मजकूर निवडून कंट्रोल-स्पेसबार दाबायचा. त्यानं अक्षरांना हातानं दिलेली सजावट निघते. कंट्रोल-क्यूनं परिच्छेदाची निघते. पण कंट्रोल-स्पेसबार लेखकानं मुद्दाम तिरके केलेले शब्दही सरळ करतो, म्हणून छापील मूळ प्रत शेजारी ठेवा.

आणि संपादकांनी ट्रॅक चेंजेस, म्हणजे दुरुस्त्यांच्या खुणा ठेवणारी सोय, लावून दुरुस्त्या केलेला लेख असेल, तर ती सोय चालू असताना कॉपी करू नका. सुचवलेल्या सगळ्या दुरुस्त्या मान्य झाल्यासारखा मजकूर येतो, खुणा येत नाहीत. खुणांसकट हवा असेल तर दोन्ही फायलींत ट्रॅक चेंजेस बंद करून मग कॉपी-पेस्ट करा.

आता ते भेंडोळं. 'नेहमी साधा मजकूर पेस्ट करा' हा सल्ला तुम्हाला सगळीकडे मिळेल आणि इंग्रजी मजकुरासाठी तो बहुतेक वेळा बरोबरच असतो. मराठीत तो एका ठिकाणी घात करतो. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत. तिच्या आधीच्या फाँटमध्ये, म्हणजे कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपीचे जुने फाँट यांत, फाईलमध्ये मराठी अक्षर साठवलेलंच नसतं. साठवलेलं असतं इंग्रजी अक्षर, आणि फाँट त्यावर मराठी मुखवटा चढवतो. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द टाईप केला तर संगणकाच्या लेखी तिथे ई, जे, के, मोठा बी आणि एच अशी पाच इंग्रजी अक्षरं असतात. म ला ई, र ला जे, कान्याला के, ठ ला बी, दुसऱ्या वेलांटीला एच. फाँट हीच तिथली सजावट, आणि साधा मजकूर पेस्ट करताना तुम्ही सजावट काढता. मुखवटा गेला, आतलं इंग्रजी उघडं पडलं. तुमच्या ज्येष्ठ सभासदांच्या लेखाला नेमकं हेच झालंय. लेख खराब झालेला नाही, मूळ फाईल शाबूत आहे.

फाईल कुठल्या जातीची आहे हे ओळखायची सोपी परीक्षा आहे. एक ओळ निवडा आणि तिला एरियल फाँट द्या. मराठी मराठीच राहिली तर युनिकोड. इंग्रजी कचरा झाला तर जुना फाँट. कंट्रोल-झेड दाबून परत या. जुना फाँट निघाला तर ती फाईल सजावटीसकट पेस्ट करून वेळ मारून नेता येते, पण तसं करू नका. शब्द शोधता येणार नाही, शुद्धलेखन तपासता येणार नाही, आणि छापखान्यात तो फाँट नसला तर पुन्हा भेंडोळं. आधी कन्व्हर्टरमधून, म्हणजे रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅममधून, युनिकोड करून घ्या, मग साधा मजकूर म्हणून आणा. मात्र कन्व्हर्टर त्याच फाँटचा हवा. सगळ्या जुन्या फाँटची आतली मांडणी एक नसते, एकाच कंपनीच्या दोन मालिकांचीही एकच असेल असं धरून चालू नका. लेखात मधेच खरे इंग्रजी शब्द असतील तर साधा कन्व्हर्टर त्यांनाही मराठी समजून काहीतरी अचाट करून ठेवतो. ते हातानं दुरुस्त करावे लागतात.

रूपांतरानंतर आणि एकूणच पेस्ट केल्यावर मी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघतो, ती म्हणजे चंद्रकोरीसारखा अर्धा र. एका संस्थेच्या कार्यक्रमपत्रिकेत मूळ हस्तलिखितात 'आचाऱ्यांचे आभार' असं होतं. दोन दिवस जेवणं रांधणाऱ्या मंडळींचे आभार. छापून आलं 'आचार्यांचे आभार'. व्यासपीठावर दोन प्राचार्य बसले होते, ते कृतकृत्य झाले, आणि स्वयंपाकवाले तसेच राहिले. चूक माझीच होती, प्रूफ मी वाचलं होतं. कारण नंतर शोधलं. युनिकोडमध्ये हा र दोन प्रकारे लिहिता येतो. एकात खाली टिंब असलेला स्वतंत्र ऱ आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. दिसायला दोन्ही सारखेच. पण मजकूर तीन प्रोग्रॅममधून फिरताना एखादा प्रोग्रॅम ते अदृश्य चिन्ह कचरा समजून झाडून टाकतो, आणि र उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो. मग दऱ्याचा दर्या होतो. दोन्ही खरे शब्द, त्यामुळे शुद्धलेखन तपासनीसही गप्प. माझ्याकडे या शब्दांची एक वही आहे: दुसऱ्या, साऱ्या, कोऱ्या, तऱ्हा, वाऱ्या. प्रत्येक मोठ्या फाईलमध्ये त्यांची रफारवाली रूपं शोधून बघतो.

ॲ चीही अशीच दोन रूपं आहेत. एक अ वर चंद्र देऊन केलेलं, दुसरं स्वतंत्र अक्षर. ते स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, म्हणून जुन्या फायलींत सापडत नाही. तुम्ही 'ॲड.' शोधाल आणि अर्धेच वकील सापडतील. स्मरणिकेच्या नामावलीत याचा भुर्दंड बसतो, कारण यादी अकारविल्हे लावताना ही दोन रूपं वेगवेगळ्या जागी जाऊ शकतात. सगळं आल्यावर एकदा शोधा-बदला करून एकच रूप ठेवा.

पीडीएफमधून कॉपी करणं मराठीत जवळजवळ नेहमीच फसतं. पीडीएफला शब्दाशी घेणंदेणं नसतं, त्याला कागदावर कुठली आकृती कुठे काढायची एवढंच माहीत असतं. ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, पण युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. म्हणून 'किती' कॉपी केलं की वेलांटी सुटून वेगळी पडते, जोडाक्षरं फुटतात, रफार भलतीकडे जातो. शिवाय प्रत्येक ओळीच्या शेवटी नवा परिच्छेद. ज्यांनी पीडीएफ पाठवली त्यांच्याकडे मूळ फाईल मागा, दहातल्या आठ जणांकडे असते. नसेल तर पानं ओसीआरला, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमला, द्या. तो मजकूरही वाचून तपासावा लागतो, पण फुटलेल्या वेलांट्या जोडत बसण्यापेक्षा कमी त्रास.

व्हॉट्सॲपचं थोडक्यात. एकाच वेळी अनेक संदेश निवडून कॉपी केलेत तर प्रत्येकाआधी वेळ, तारीख आणि पाठवणाऱ्याचं नाव चिकटून येतं. लेख तुकड्यांत आला असेल तर एकेक तुकडाच घ्या. ठळक केलेल्या शब्दांच्या आजूबाजूला फुल्या दिसतील, त्या काढा. कवितेची प्रत्येक ओळ वेगळा परिच्छेद होऊन दोन ओळींत खिंडार पडतं, तिथे कडव्याच्या आत एंटरऐवजी शिफ्ट-एंटर द्या.

हे सगळं करूनही अक्षराचा आकार ऐकत नसेल, तर एक जागा तपासा. वर्डमध्ये प्रत्येक स्टाईलला दोन फाँट असतात, एक रोमन लिपीचा आणि एक 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'चा. देवनागरी दुसऱ्या कप्प्यात येते. आकारही दोन. तुम्ही रोमनला १४ दिलं आणि दुसऱ्या कप्प्यात ११ राहिलं, तर इंग्रजी शब्द टपोरे आणि मराठी बारीक दिसेल. साधा मजकूर पेस्ट केला की तो या दुसऱ्या कप्प्यातला फाँट घेतो, बहुतेक ठिकाणी मंगल. स्टाईल बदलताना फाँटची पूर्ण चौकट उघडून दोन्ही कप्पे भरा. दुसरा कप्पा दिसतच नसेल तर ऑफिसच्या भाषांमध्ये मराठी जोडलेली नाही असं समजा.

अनेक तुकडे एकदम हलवायचे असतील तर ऑफिसचा स्वतःचा क्लिपबोर्ड आहे. होमच्या पट्टीत डाव्या कोपऱ्यातल्या छोट्या बाणावर क्लिक केलं की तो उघडतो, २४ तुकडे धरतो. तो उघडा ठेवूनच काम करा. मला मात्र त्याहून जुनी सोय लाडकी आहे, ती म्हणजे स्पाइक. किराणा दुकानात पावत्या टोचून ठेवायचा उभा खिळा असतो ना, तसाच. मजकूर निवडून कंट्रोल-एफ३ दाबलं की तो तिथून निघून खिळ्यावर जातो. दुसरीकडचा निवडा, पुन्हा तेच. शेवटी हव्या जागी कंट्रोल-शिफ्ट-एफ३ दाबा, सगळे तुकडे टोचलेल्या क्रमानं उतरतात. विखुरलेल्या देणगीदारांच्या नोंदी एका पानावर आणायला याच्यासारखं काही नाही. मधे फोन नंबर कॉपी केलात तरी खिळ्यावरच्या चिठ्ठ्यांना धक्का लागत नाही. नुसता परिच्छेद वर-खाली सरकवायचा असेल तर क्लिपबोर्डला हातच लावू नका, ऑल्ट-शिफ्ट धरून वर किंवा खालचा बाण दाबा.

एक सावधगिरीची गोष्ट. विंडोज-व्हीचा इतिहास चालू केलात आणि संगणक वाचनालयातला, चार जणांच्या हाताखालचा असेल, तर दिवसाच्या शेवटी तो पुसत जा. माझ्याच दुकानात एका गिऱ्हाइकानं सहज ती यादी उघडली आणि आदल्या माणसाचा बँक खाते क्रमांक समोर. तेव्हापासून गिऱ्हाइकांच्या मशिनवर मी तो बंदच ठेवतो, माझ्या मशिनवर चालू.

त्या ज्येष्ठांच्या लेखाची मूळ फाईल उघडा, एका शब्दावर क्लिक करा आणि वरच्या फाँटच्या चौकटीत कुठलं नाव दिसतं ते जसंच्या तसं, आकड्यासकट, कळवा. म्हणजे कुठला कन्व्हर्टर लागेल ते सांगता येईल. तोवर त्या फाईलची एक प्रत वेगळी ठेवा आणि मूळ फाईल सेव्ह करू नका.